लिफ्टच्या दाराला कान

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर मिस्त्री थांबले आणि लिफ्टच्या दाराला कान लावून उभे राहिले.

"ऐकलंत? दाराचा रोलर झिजलाय," ते म्हणाले. जिभेवरच्या गाठीमुळे शब्द जड येत होते. "कोणाचं लक्षच नाही इथे."

भूल देणारी डॉक्टर हसली. जेमतेम तिशीची मुलगी. उद्याचं गाठीचं ऑपरेशन मिस्त्रींना झेपेल का, हे तिला ठरवायचं होतं, म्हणून ती त्यांच्यासोबत जिना चढत होती. मागून मिस्त्रींची बायको फाइल छातीशी धरून येत होती. तो रोलर धडधाकट आहे, हे मिस्त्रींखेरीज तिला एकटीला माहीत होतं.

तीस वर्षं मिस्त्रींनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट बंद म्हटल्यावर मिस्त्री जिन्यानेच येणार. चार वर्षांपूर्वी दम लागायला लागला, तेव्हा गिऱ्हाइकासमोर धापा टाकायची लाज वाटून त्यांनी ही युक्ती काढली. दर मजल्यावर दाराला कान लावायचा, भुवया चढवायच्या आणि 'हं' म्हणायचं. लोकांना वाटे, काय बारकाईने काम करतो हा माणूस! गेल्या चार वर्षांतलं निम्मं नाव त्यांनी त्या दमावरच कमावलं होतं.

रक्तातली साखर तपासणीत सापडली, तिथे इलाज नव्हता. पण दम्याबद्दल त्यांनी ठोकून 'नाही' सांगितलं होतं. गेल्या थंडीत दुसऱ्या दवाखान्यात आठ दिवस ऑक्सिजनवर होते, तेही गिळलं. बरोबरीच्या एका मेकॅनिकने कानात भरवलं होतं, 'दुसरं दुखणं सांगितलंस की डॉक्टर हात वर करतात.' आज सकाळी दम्याच्या पंपाचे चार झुरके ओढून ते निघाले आणि निघताना बायकोकडून गप्प राहायची शपथ घेतली. त्या आठ दिवसांचा कागद मात्र तिने गुपचूप फाइलीत सरकवला होता.

तिसऱ्या मजल्यावर पुन्हा दाराला कान. ओठ निळसर पडलेले. त्यांनी डोळ्यांनीच बायकोला दटावलं.

बोलावं, तर ऑपरेशन रद्द होईल आणि गाठ त्यांना खाईल. न बोलावं, तर उद्या ते झोपतील ते उठणारच नाहीत. दोन्हीकडून पाप आपल्याच माथी.

"डॉक्टर," ती एकदम म्हणाली, "तो रोलर बरा आहे हो. ह्यांनाच दम लागलाय." आणि तिने कागद पुढे केला.

"अगं ए! गप्प बस!" मिस्त्री ओरडले आणि खोकल्याने दुमडले.

डॉक्टरने त्यांना पायरीवर बसवलं, पाठीवर हात ठेवून श्वास जागेवर येऊ दिला आणि मग कागद दोनदा वाचला.

"काका, गाठ लहान आहे. ती सर्जन काढतील. त्यानंतर तुम्हाला जागं करायचं काम माझं. ही फुप्फुसं अशीच घेऊन झोपला असतात, तर मला ते जमलं नसतं कदाचित."

"म्हणजे उद्या नाही?"

"उद्या नाही. दोन आठवडे औषधं, साखर आटोक्यात, रोज श्वासाचे व्यायाम. मग पुन्हा हाच जिना."

"आणि तोवर गाठ वाढली तर?" हे बायकोने विचारलं.

"वाढू शकते, काकू. म्हणून दोनच आठवडे म्हणतेय. तरी ऑपरेशन होईलच, असा शब्द आज देत नाही."

बसमध्ये मिस्त्री वेगळ्या बाकावर जाऊन बसले. बायकोकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आपण ह्यांना वाचवलं की बुडवलं, हे तिला कळेना. डोळे भरून येत होते, ते ती पदराने टिपत राहिली.

लिफ्टमिस्त्रींच्या घराला लिफ्ट नाही, ह्यावर सगळा शेजार हसून घेई. तीन जिने चढायचे. इथे कान लावायला दार नव्हतं, म्हणून मिस्त्री दर वळणावर बुटाची नाडी बांधत.

पहिल्या जिन्यानंतर ते थांबले. वाकले नाहीत. कठडा धरून, तोंड उघडून श्वास ओढत राहिले.

वरून उतरणारी शेजारीण म्हणाली, "काय मिस्त्री, आज पण नाडी सुटली का?"

"नाही वहिनी," मिस्त्री जड जिभेने म्हणाले. "दम लागलाय."

शेजारीण बाजूने उतरून गेली. बायकोने पिशवी खाली ठेवली आणि ती पायरीवर बसली. थोड्या वेळाने मिस्त्रीही तिच्या शेजारी येऊन बसले. वर अजून दोन जिने होते.