जुलैचे बुडबुडे

आमचं काम साधं. कुठल्या कुठल्या सिमेंट कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड वायू जहाजातून इथं येतो आणि आम्ही तो समुद्राच्या तळाखाली, अडीच किलोमीटर खोल, खाऱ्या पाण्यानं भिजलेल्या वालुकाश्मात ढकलतो. त्यानं तिथंच राहायचं. एवढंच.

जुलैत खाडीतल्या खडकापाशी यंत्राला बुडबुडे दिसले. पंप बंद, दोन भरलेली जहाजं बाहेर ताटकळत. सरकारनं बजावलं, ते बुडबुडे आमच्या वायूचे नाहीत हे शुक्रवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर परवाना रद्द. माझ्या वयात या बेटावर दुसरी नोकरी म्हणजे मेंढ्या.

वायू भरणं यंदाच सुरू झालं. त्याआधी पाहणी झाली होती. समुद्र आपणहून कुठं बुडबुडतो, याची अकरा महिन्यांची नोंद होती. जुलैची नव्हती. जुलैत नॉर्वेत फक्त गायी कामावर असतात. बाकी देश आपापल्या खोपटात सुट्टीवर.

मला ते बुडबुडे लहानपणापासून ठाऊक. दर जुलैत बाप होडीतून दाखवायला न्यायचा. पण कंपनीच्या नोकराच्या तोंडी पुराव्याला कोण विचारतो? सरकारी तपासनीस रान्वेई म्हणाली, लेखी हवं.

लेखी होतं की! काखेत कळसा नि गावाला वळसा. इथं प्रत्येक खोपटात एक वही असते. जो येईल त्यानं तारीख, हवा, मासे, खाणं लिहायचं. आमच्या घराण्याची वही १९५१ पासूनची, ओड्नी आत्याच्या खोपटात. इथंच घोडं पेंड खात होतं. मी ही नोकरी धरली तेव्हा आत्या म्हणाली होती, दुसऱ्यांची घाण आपल्या अंगणात पुरतोस. ती एकदाच बोलली. तीन वर्षं तोंड फिरवून बसलो तो मी. डोकं बापाचं घेतलंय.

गुरुवारी रान्वेईला घेऊन नाक मुठीत धरून गेलो. आत्या एक्क्याऐंशीची. दारावर ‘वायू नको’ची पाटी. तिनं काही न विचारता वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, भाजायला घेतले. रान्वेई म्हणाली, वही कचेरीत न्यावी लागेल.

"वही खोपटाबाहेर जात नाही," आत्या म्हणाली. "फोटो काढ. आणि आधी लिही, कोण आलीस ते."

सरकारनं निमूट लिहिलं. ढगाळ, दक्षिणेचा वारा, वाफल चार.

मग जुलैची पानं उलटली. १९५३, बुडबुडे. १९६८, बुडबुडे, दोन कॉड मासे. रान्वेईला वायू भरण्याआधीची शेवटची तीन वर्षं हवी होती. ती आत्याच्या अक्षरात. ‘ऊन. खडकाशी बुडबुडे. वाफल केले. स्टेइनार आला नाही.’ पुढच्या वर्षी पाऊस, बुडबुडे, स्टेइनार आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

स्टेइनार म्हणजे मी. मला रडू आलं. वाफल घशात अडकला म्हणून सांगितलं.

"आत्या, यानं आमचे पंप पुन्हा सुरू होतील. कळतंय ना?"

"मग काय, खोटं लिहू? बुडबुडे तुमचे नाहीत. घाण तुमचीच आहे."

शुक्रवारी पंप सुरू झाले. अहवाल जाहीर आहे, कुणीही वाचावा. परिशिष्ट चार, नोंदी शब्दशः. मी तीन वर्षं आलो नाही हे आता सरकारदरबारी नोंदलेलं आहे.

रविवारी पुन्हा गेलो. वही उघडली. गुरुवारच्या पानावर रान्वेईच्या खाली आत्यानं लिहिलं होतं, ‘स्टेइनार आला. कामासाठी.’

मी पेन मागितलं आणि खाली लिहिलं, ‘रविवार. पाऊस. स्टेइनार आला. काम काही नाही.’