पालीचं काही अडत नाही

निबंध तपासून तपासून माझी मान कायमची डावीकडे कलली आहे, असं माझी बहीण म्हणते. म्हणू दे. तिने एक गठ्ठा तपासून दाखवावा, मग माझ्या मानेबद्दल बोलावं.

मी जीवशास्त्र शिकवते. आमच्या शाळेत दर पंधरवड्याला मुलांनी ‘निरीक्षण निबंध’ लिहायचा असतो. घरात, गच्चीवर, गटाराशी, कुठेही एक सजीव शोधायचा, तो रोज पाहायचा आणि जे दिसलं तेच लिहायचं. ऐकायला फार छान वाटतं हो! प्रत्यक्षात मुलं इंटरनेटवरून उतरवतात. मागे एकदा माझ्या निम्म्या वर्गाच्या घरी पेंग्विन निघाले. एका दिवट्याने तर आपल्या पेंग्विनला रोज सकाळी दूध पाजलं होतं. मी कपाळाला हात लावला आणि पुढची वही ओढली.

माझी एक खोड आहे. नुसते गुण देऊन मला वही मिटवत नाही. खाली लाल शाईने एक प्रश्न लिहितेच. ‘हे तू स्वतः पाहिलंस का?’, ‘मग पाऊस आला तेव्हा मुंग्या कुठे गेल्या?’ असलं काहीतरी. कुणी वाचत नाही. मुलं गुण बघतात, तोंड वाकडं करतात आणि वही दप्तरात कोंबतात. भूगोलाचे सर म्हणतात, ‘बाई, तुम्ही विहिरीत पत्रं टाकता.’ खरंच आहे ते. म्हणून तर निबंध बंद करा आणि बरोबर-चूकच्या खुणांची चाचणी आणा, म्हणून मीच हेडसरांच्या मागे लागले होते. पुढच्या सत्रापासून निबंध बंद, असं त्यांनी शेवटी सांगितलं, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी भूगोलाच्या सरांना माझ्या पैशाने चहा पाजला.

फक्त एक वही उत्तर द्यायची. ती वर्गातल्या एका मुलीची, जिला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. ही पोरगी झोपेत सुद्धा बोलत असणार. तास सुरू असताना बोलते, संपल्यावर बोलते, शिक्षा म्हणून बाहेर उभी केली तर शिपायाशी बोलते. पण तिचे निबंध वाचावेत तर शांत, सावकाश, एकेक वाक्य जपून ठेवलेलं. आधी छतावरच्या कोळ्यावर लिहिलं. मग पालीवर. आणि पाल मग सुटलीच नाही. भिंतीवरच्या एका पालीची शेपटी मांजराच्या तावडीत गळून पडली, ती परत कशी उगवत गेली, रोज किती वाढली, रंग कसा फिका होता, सगळं होतं. चुकाही होत्या बरं का. पालीने विचार करून शेपटी सोडली, असं लिहिलं होतं. मी लाल शाईत फटकारलं की पाल विचारबिचार करत नाही, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पुढच्या निबंधात पहिल्या ओळीपासून माझ्याशी वाद. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा विहिरीतून कुणीतरी ओ दिली होती.

त्यात एकदा तिने विचारलं, नव्या शेपटीत मणके असतात का? मी लिहिलं, ‘नाही. आत मणक्यांऐवजी मऊ, लवचीक कूर्चा असते. पण पालीचं त्यावाचून काही अडत नाही.’ आणि पुढची वही ओढली.

सत्राच्या शेवटी बाहेरचे परीक्षक तोंडी घ्यायला येतात. त्यांच्यापुढे निदान एक मूल मिरवावं म्हणून मी रेडिओला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, “कूर्चेबद्दल सांग जरा.”

तिने डोळे मोठे केले. “कूर्चा म्हणजे कुठला किडा, बाई?”

भूगोलाच्या सरांना चहाचा ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही. मी तिची वही उघडून तिच्यासमोर ठेवली. “हे कुणी लिहिलं? खरं बोल. आणि थोडक्यात बोल.”

आयुष्यात पहिल्यांदा ती पोर थोडक्यात बोलली. “बाबांनी.”

माझं डोकं फिरलं. मी तिला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर सगळ्या निबंधांना शून्य आणि सूचनेवर पालकांची सही, हा शाळेचा नियम. तो मी तिला तिथेच ऐकवला. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, “शून्य द्या, बाई. मी तुमच्यासमोर बसून नवा लिहीन, वाईट लिहीन, पण मीच लिहीन. फक्त बाबांचं बंद करू नका.”

मग तिची गाडी सुटली आणि थांबवता थांबेना. वडील वायरमन. कामावर शिडीवरून पडले, पाठीचा मणका गेला. तेव्हापासून पलंगावर. कमरेखाली काही हलत नाही. डॉक्टर म्हणाले, खुर्चीवर बसायची सवय करा, चाकांची खुर्ची आणलीसुद्धा, तिच्यावर आता वाळलेले कपडे ठेवतात. ते कुणाशी बोलत नाहीत. आईशी नाही, काकांशी नाही, भेटायला आलेल्या मित्रांशी नाही. भिंतीकडे नाहीतर छताकडे बघत पडायचं. एकदा हिला निबंध सुचेना म्हणून हिने सहज विचारलं, “बाबा, काय दिसतं वर?” त्यांनी कागद मागितला. ते लिहितात, ही वहीत उतरवते. तेव्हापासून वह्या परत मिळाल्या की ते एकच वाक्य बोलतात, “बाईंनी काय लिहिलं?”

“आणि ते कूर्चेचं तुम्ही लिहिलंत ना,” रेडिओ म्हणाली, “ते बाबांनी दुपारभर वाचलं. पालीचं काही अडत नाही ते. आई जेवायला हाका मारत होती तरी वही सोडेनात.”

मी खुर्चीत बसून राहिले. घाईघाईत, पुढच्या वहीवर डोळा ठेवून लिहिलेली ओळ होती ती. कुणाला लिहितेय हे माहीत असतं तर मी ती लिहिली असती का? नसती. काहीतरी गोड, गुळगुळीत लिहिलं असतं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि नेमकी कशाची ते कळेना. आणि निबंध तर बंद होणार होते. माझ्याच हट्टाने.

हेडसरांकडे गेले. म्हटलं, निबंध राहू द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप भरलाय. “बाई, चाचण्या छापायला गेल्या. तुम्हीच तर माझं डोकं खाल्लं होतंत!” सूचनेचा कागद उचलला आणि बाहेर पडले.

वडील शाळेत येऊ शकत नाहीत, आई कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. म्हणून त्या संध्याकाळी सही घ्यायला मीच गेले. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. पाय ठणकत होते, घरी दुसऱ्या वर्गाचा गठ्ठा पडला होता, आणि एका आजारी माणसाला दोन वाईट बातम्या द्यायच्या होत्या. जिना चढताना मनात म्हटलं, सही घ्यायची, दोन शब्द बरे बोलायचे आणि निघायचं.

दार आईने उघडलं. दुकानातून नुकत्याच आल्या असाव्यात, खांद्याला पिशवी तशीच. खोली लहान, नीटनेटकी. खिडकीशी पलंग, पलंगावर माणूस, छातीवर उभी केलेली लाकडी फळी आणि तिच्यावर चिमट्याने अडकवलेले कोरे कागद. दाढी वाढलेली. माझ्याकडे न बघता त्यांनी सूचनेवर सही केली. रेडिओ दाराला चिकटून उभी.

मी सांगून टाकलं. “निबंधांना शून्य मिळालंय. तिचा नवा ती माझ्यासमोर लिहील. आणि पुढच्या सत्रापासून निबंधच बंद होतायत.”

त्यांनी पेनचं टोपण लावलं. फळीवरचे कोरे कागद काढले, एकावर एक नीट जुळवले आणि उशीखाली सारले. तोंड भिंतीकडे केलं. रेडिओच्या आईने पदर तोंडाशी नेला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी पर्स उचलली. उठले. आणि मग काय झालं कोण जाणे, थकलेल्या माणसाच्या जिभेला लगाम नसतो हेच खरं, मी त्या पाठीकडे बघून चिडून म्हणाले, “आणि एक सांगते, पालीने विचार करून शेपटी सोडली हे तुमचं साफ चूक होतं. मी तेव्हाही सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत.”

पाठ हलली नाही. पण भिंतीकडून आवाज आला. वापरात नसलेला, खरखरीत आवाज.

“चूक तुमची आहे.”

“माझी?”

“तुम्ही लिहिलंत, काही अडत नाही.” त्यांनी मान वळवली. डोळे लाल होते. “अडतं. मी रोज बघतो. नव्या शेपटीने तिला तोल धरता येत नाही. कोपऱ्यात वळताना दोनदा पडली ती, छतावरून. तुम्ही कधी बघितलीत? पुस्तकात बघून लिहिता.”

“पडली. मग पुढे?”

“पुढे काय?”

“पडून तिथेच राहिली का?”

त्यांची नजर वर छताकडे गेली. मला वाटलं, संपलं, मी जास्त बोलले, नको तिथे बोट घातलं.

“चढली,” ते शेवटी म्हणाले. “पण भिंतीच्या कडेकडेने. पहिल्यासारखी मधून जात नाही आता. फार वेळ लागतो तिला. फार वेळ लागतो, बाई. तुम्हाला काय जातं लिहायला, काही अडत नाही म्हणून!”

शेवटचं वाक्य ते ओरडलेच. शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मला कुणी असं ओरडलं तर मी ऐकून घेत नाही, पण त्यांचं ऐकून घेतलं. “बरोबर आहे तुमचं,” मी म्हटलं. “मी घाईत लिहिलं. अडतं.” मग जाणं भाग होतं. आणखी थांबणं मला झेपत नव्हतं. मी पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे वळले.

दारात रेडिओची आई उभी होती. पिशवी अजून खांद्याला, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांनी माझा दंड धरला.

“बाई,” त्या अगदी हळू म्हणाल्या, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून, “घाई नसेल तर अजून थोडं भांडा ना.”

मी मागे वळले. चाकांच्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, त्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, “बरं, आता कोळ्याचं बोलू. तिथेही तुम्ही चुकलायत.”