ताईने लावलेली बरणी

दार उघडलं आणि दाजींनी आधी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय," ते कुजबुजले, आणि मग स्वतःच ओशाळून बाजूला झाले.

मी हातात डबा घेऊन उंबऱ्यातच उभी राहिले. माझी ताई जाऊन दोन महिने होत आले होते आणि दाजी घरात एकटे होते. डोळा लागायला होतं कोण?

"चपला काढू, की त्याचाही आवाज होतो?" मी म्हटलं. घाबरले की मी जास्तच फटकळ होते. लहानपणापासूनची खोड आहे माझी.

आतल्या खोलीत ताईचा पलंग होता तसाच होता. चादर धुतलेली, उशी थोपटलेली. उशाशी जिथं तिचं ऑक्सिजनचं मशीन असायचं तिथं आता एक स्टूल होतं. स्टुलावर मोठी काचेची बरणी, तिच्यावर ताईचा बेकरीतला जुना ॲप्रन झाकलेला. ॲप्रनखालून एक बारीक नळी निघून शेजारच्या बाटलीतल्या पाण्यात बुडाली होती. पाण्यातून जोडीनं दोन बुडबुडे आले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. पुन्हा दोन.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. शेवटच्या दिवसांत ताई अगदी असाच श्वास घ्यायची. दोन लहान श्वास एकाला एक चिकटलेले, आणि मग एवढा मोठा खंड, की खोलीतले सगळे आपापला श्वास धरून बसायचे.

"ही अजून चालूच आहे?" मी विचारलं.

"चालू आहे ना," दाजी म्हणाले. "तुझा आवाज ऐकून जरा भरभर आले बघ."

बरणी हा ताईचा हट्ट. आयुष्यभर बेकरीत कणीक मळली आणि पीठ हुंगलं तिनं, तेच पीठ शेवटी फुप्फुसात बसलं. पलंगाला खिळली तशी कुणी एका जुन्या गिऱ्हाइकानं प्रेमानं भलामोठा डबा भरून मध आणून दिला. "खोकल्यावर चाटून चाटून जीभ झिजली माझी," ताई म्हणाली, "उरलेल्याचं काहीतरी मजेशीर करू." मग फोनवर शोधून काढलं की मधाची वाईन करतात, मीड म्हणतात तिला. घरच्या घरी जमते. दोघांनी जन्मात कधी थेंब चाखला नव्हता, आणि निघाले दारू गाळायला! मी म्हटलं, आता एवढंच राहिलं होतं.

कृती तशी सोपी होती. कोमट पाण्यात मध कालवायचा, यीस्ट घालायचं, झाकणाला भोक पाडून नळी बसवायची आणि तिचं दुसरं टोक पाण्यात सोडायचं, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत शिरत नाही. वाईनचं यीस्ट वेगळं मिळतं असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ताई ऐकेल तर ना! "ज्या यीस्टवर अख्खं घर चाललं ते आज परकं झालं होय?" म्हणत तिनं बेकरीतलंच मागवलं. मध अंदाजानं ओतला, म्हणजे दामदुप्पट. दाजी फ्रिज दुरुस्त करतात, त्यामुळे बारीक नळ्यांना तोटा नव्हता. राहिली पाण्याची बाटली. खरं तर साधा पेलाही चालला असता. पण ऑक्सिजनच्या मशीनला पाण्याची एक बाटली असते, तिच्यातून हवा बुडबुडत नाकाशी येते. तशी एक जास्तीची बाटली घरात पडून होती. ताईनं तीच लावायला लावली. म्हणजे उशाशी एका बाजूला मशीन बुडबुडतंय, दुसऱ्या बाजूला बरणी.

"पैज लावू या," ताई म्हणाली होती. "आधी कोण गप्प होतंय बघू."

दाजी उठून बाहेर गेले होते. मी तिला अशी काही झापली की शेवटी तीच मला समजावत बसली.

पैज ताई हरली. आणि बरणी काही गप्प होईना. वास्तविक थोड्याच आठवड्यांत ती शांत व्हायला हवी होती. मी त्या दिवशी डबा ठेवून घरी आले, पण शिलाई मशीनवर बसले तरी कानात तेच. दोन, मग खंड. दोन, मग खंड. पाय पायडलवर त्याच तालात पडायला लागला तेव्हा मी मशीन बंद करून टाकलं.

पुढच्या वेळी गेले तर समोरच्या इमारतीतल्या काकू आल्या होत्या. आम्ही बहिणी त्यांना बातमीपत्र म्हणायचो. ताई आजारी असताना त्या आल्या की ताई डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची, आणि त्या गेल्या की एक डोळा उघडून "गेली का गं?" म्हणून विचारायची. काकू पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते सांगत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की बरणी चिडीचूप आहे. एक बुडबुडा नाही. मी दाजींकडे बघितलं. ते खाली मान घालून हसत होते. काकू उठल्या, दार लागलं, त्यांची पावलं जिन्यात उतरली, आणि बाटलीतून एकच मोठा बुडबुडा आला.

"बघितलंस?" दाजी म्हणाले.

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

"दाजी, यीस्ट आहे ते. मध खातंय आणि वायू सोडतंय. खोली गार आहे, ताईनं मध वारेमाप ओतलाय, म्हणून लांबलंय. दुकानातून तुमच्या मालकांचे फोन येतायत. दाढी बघा, गालफडं बघा. किती दिवस झाले घराबाहेर पडून?"

"मी गेलो आणि थांबली तर?"

"थांबली तर थांबली! गाळायची आणि बाटल्यांत भरायची."

दाजींनी खिशातून त्यांचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बरणीला टेकवलं, मूठ कानाला लावली. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं दुखणं ते असंच ऐकतात. उभी हयात त्यात गेली. डोळे मिटून ऐकत राहिले आणि तसेच बोलायला लागले.

"त्या दिवशी ती म्हणाली, चहा करा. मी स्वयंपाकघरात गेलो. तुला माहितीय, माझं सगळं लक्ष आवाजावर असतं. मशीन बुडबुडत होतं. छान, एका लयीत. म्हटलं, चाललंय सगळं ठीक. निवांत आलं ठेचलं, चहा उकळू दिला, गाळला. कप घेऊन आलो." स्क्रूड्रायव्हर कानापासून दूर झाला. "मशीनचं काय गं, ते कुणालाही हवा देतं. घेणारं कधीच गेलेलं. मी तिकडे तिचाच श्वास समजून चहा गाळत होतो, धाकटे."

मी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन स्टुलावर ठेवला.

"तेव्हा नव्हतो," दाजी म्हणाले. "ही थांबेल तेव्हा मला इथं बसायचंय. बाकी काही नको मला."

तेव्हा कुठं मला कळलं की हे वेड नव्हतं, आणि वेड नव्हतं म्हणूनच ते सुटणार नव्हतं. हा माणूस त्या खोलीत वाळून जाणार होता. ताई माझ्या जिवावर याला सोडून गेली होती.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच गेले आणि पदर खोचला. "दाजी, मी इथं बसते. तुम्ही खाली जाऊन केस कापा, दाढी करा, जरा उन्हात चालून या. मी हलणार नाही जागेवरून. काही कमी-जास्त वाटलं तर खिडकीतून हाक मारीन."

"नक्की बसशील?"

"ताईची शपथ. आता जाता का, की बखोटीला धरून नेऊ?"

ते गेले. दारातून दोनदा मागे वळले, पण गेले.

मी खुर्चीत बसले. भर दुपार व्हायला आली होती, खाली रस्त्यावर टेम्पोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. दोन बुडबुडे, मग खंड. बसल्या बसल्या जाणवलं की मीही तसाच श्वास घेतेय. दोन लहान, मग थांबते. मुद्दाम खोल श्वास घेऊन बघितला, तर पुन्हा छाती आपोआप त्याच तालावर आली. मी उठून पाणी प्यायले. परत आले तेव्हा खंड लांबला होता. मग आणखी लांबला. मग एकच बुडबुडा आला, जोडीचा दुसरा आलाच नाही.

मी वाट बघितली. नळीच्या टोकाशी अर्धा फुगलेला एक बुडबुडा अडकून होता. तो हळूहळू आत गेला.

"ताई, नको हां," मी म्हटलं. लाज कसली त्यात! मोठ्यानं म्हटलं. "एवढा वेळ थांबलीस आणि आता? ते परत जवळ नसताना? तुला काही काळीज आहे की नाही?"

काही नाही. खोली इतकी शांत की कानात दडे बसल्यासारखं झालं. खिडकीशी धावले, तर न्हाव्याच्या दारातून दाजी बाहेर पडून आमच्याच जिन्याकडे वळत होते. तुळतुळीत दाढी केलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. कितीतरी दिवसांनी ते माणसात आल्यासारखे दिसत होते. मला काय सुचलं देव जाणे. परत आले, ॲप्रनसकट बरणीला मिठी मारली आणि गदागदा हलवली. सोड्याची बाटली हलवली की फसफसते, एवढंच डोक्यात होतं. बाटलीतून भसाभस बुडबुडे आले. जिन्यात पावलं वाजली, तशी मी बरणी सोडून झटक्यात मागे सरले.

"चालू आहे?" दाजींनी दारातूनच विचारलं.

"आहे. पण मंदावलीय," मी म्हटलं. "बसा तुम्ही जवळ."

हलवल्याचा जोर कितीसा टिकणार! दोन मिनिटं, फार तर चार. तेवढ्यात ते जवळ बसलेले असले की झालं, एवढाच माझा हिशेब. दाजी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी ॲप्रनवरून बरणीवर हात ठेवला.

दोन बुडबुडे आले. खंड. पुन्हा दोन.

चार मिनिटं कधीच सरली. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं, तरी ती चालूच होती. हलवलेलं असं कुठं चालतं? मी कोपऱ्यात उभी राहून थिजल्यासारखी बघत होते. दाजी तिच्याशी बोलत होते. दुकानाचं, पाण्याच्या नळाचं, बातमीपत्राचं. मधेच हसले. मग म्हणाले, "तेव्हा मी चहाकडे होतो गं," आणि खूप रडले. लाज न बाळगता रडले. मी त्यांना आवरलं नाही.

खंड लांबत गेला. बाहेर संध्याकाळ झाली, शेजारी कुणीतरी दिवा लावला.

"जा आता," दाजी म्हणाले. "मी इथंच आहे. कुठ्ठं जात नाही."

एक बुडबुडा आला. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. मग आणखी एक, लहानसा, टाचणीच्या डोक्याएवढा. तो वर आला, फुटला, आणि पाणी सपाट झालं.

दाजी बरणीवर दोनदा थोपटून उठले आणि तोंड धुवायला मोरीत गेले. नळाचा आवाज आला.

मी ॲप्रन सारखा करायला गेले. कडा उचलली, आणि हात तिथंच राहिला. बरणीच्या झाकणाचं भोक उघडं होतं. दुपारी मी हिसका दिला तेव्हाच नळी निसटली असणार. तिचं टोक बरणीच्या बाहेर, ॲप्रनच्या आड, स्टुलाच्या काठावरून नुसतंच लोंबत होतं. दुपारपासून ते कशालाच जोडलेलं नव्हतं. आणि दुसऱ्या टोकाशी, बाटलीतल्या पाण्यात, मी माझ्या या डोळ्यांनी बुडबुडे बघितले होते.

मोरीतला नळ बंद झाला. मी नळी उचलून पुन्हा भोकात बसवली. दोनदा नेम चुकला. दाजी टॉवेलनं तोंड पुसत आले.

"या वेळी मी होतो, धाकटे."

"होतात हो, दाजी," मी म्हटलं, आणि ॲप्रन नीट झाकून त्यांचं जेवण गरम करायला गेले.