पटलं म्हटलं की उठायचं

किळस आली मला. सरळच सांगते, आडपडदा कशाला?

विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानं माझ्या मावशीला बोलावलं होतं. विषय काय, तर 'मूळनिवासी आणि पाश्चात्त्य ज्ञानपरंपरा: एक संवाद'. मावशी आमच्या वस्तीच्या बैठकीत न्याय सांगते. तिला आमच्या बोलीशिवाय दुसरं काही येत नाही, म्हणून दुभाषी मी. ती आली ती एकाच कामासाठी. विभागाच्या मागे आमचा झरा आहे, अख्खी वस्ती त्याचं पाणी पिते. तो बुजवून तिथं गाड्या लावायला जागा करणार होते. भराव टाकणारं मशीन खिडकीतून दिसत होतं. आणि गाड्या कुणाच्या? तर नव्या 'ज्ञानसंवाद केंद्रा'त येणाऱ्यांच्या. घ्या!

आधी पाहुणे प्राध्यापक बोलले. त्यांच्या परंपरेत जाणणारा माणूस एकीकडे, जाणायची वस्तू दुसरीकडे, असं बरंच काही. मावशीनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "झरा वस्तू नाही. तो आम्हाला ओळखतो. कोण जपून पितं, कोण घाण करतं, सगळं त्याला कळतं. त्याला बुजवायच्या आधी त्याला विचारलंत का?"

मी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. प्राध्यापकांनी डोळे मिटले. "पटलं," म्हणाले. "अगदी मुळापासून पटलं."

आता आमच्या बैठकीची रीत अशी, की पटलं म्हणणाऱ्यानं बसून राहायचं नाही. उठायचं, जे पटलं ते करून यायचं, मगच टेकायचं. बसल्या जागी पटलं म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. मावशी त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

"हा उठत का नाही गं?" तिनं हळूच विचारलं.

आणि उठले की! ते उठले, विभागप्रमुख बाई उठल्या, सगळं सभागृह उठलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी काही सांगणार, तोवर मावशी दाराबाहेर. डोळ्यांत पाणी, तोंडानं "चला, चला", आणि गुडघे धरलेली ही बाई धडाधड पायऱ्या उतरली.

मशीनपुढे हात आडवे करून उभी राहिली. "बंद कर रे बाबा, सगळे येतायत." तिचे हात बघून चालकानं बिचाऱ्यानं बंद केलं. आम्ही तिघं वाट बघत उभे. काळं कुत्रं फिरकेल तर शपथ! वरून ताटांचा आवाज येत होता, हसण्याखिदळण्याचा येत होता.

शेवटी चालकानंच विभागप्रमुखांना फोन लावला, स्पीकरवर. "अहो, ती चर्चा होती!" बाई हसल्या. "मावशींना वर पाठवा, जेवण थंड होतंय, फोटोही राहिलाय. आणि तुम्ही काम का थांबवलंत?"

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. सकाळपासून शब्दन्‌शब्द सांगत आले होते, हेही सांगितलं. जीभ विटाळली माझी.

"मग उठले कशाला?" तिनं विचारलं.

मशीन सुरू झालं होतं. मला ओरडून सांगावं लागलं.

"तुझं कौतुक करायला, मावशी!"