कासवाचा गोग्रास

उन्हाळ्यात जबलपुरात हिरवं गवत शोधणं म्हणजे काय, ते माझ्या सिविल लाइंसच्या ऑफिसातल्या शिपायाला विचारा. मागच्या गळक्या नळाशी उकिडवी बसून मी दूर्वा खुडत असते आणि तो रोज विचारतो, "मैडम, खरगोश पाला है क्या?" मी रोज हो म्हणते. कासव म्हटलं की पुढे दहा प्रश्न येतात, आणि तेवढी उत्तरं द्यायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

कासव आणलं माझ्या मुलाने, अमेयने. परदेशी जातीचं, रीतसर कागदपत्रं केलेलं, तेव्हा वाटीएवढं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. तो गेला, कासव राहिलं आणि बघता बघता ताटाएवढं झालं. धोंडोपंत हे नाव माझ्या सासूबाईंनी, वसुधाबाईंनी ठेवलं होतं. मागच्या पावसाळ्यात त्याही वारल्या. आता महाराजपुरातल्या घरात मी, माझा नवरा योगेंद्र, चौऱ्यांशी वर्षांचे सासरे भय्यासाहेब आणि धोंडोपंत. सगळ्यांची पोटं माझ्याकडे.

सासूबाई असेपर्यंत घरात गोग्रास निघायचा. भय्यासाहेब पानावर बसले की पहिला घास बाजूला काढायचे, आणि सासूबाई तो फाटकाशी उभ्या असलेल्या गायीला घालून यायच्या. त्या गेल्या आणि त्याच सुमारास कॉलनीच्या तोंडाशी मोठं गेट बसलं, गायही येईनाशी झाली. तेव्हा भय्यासाहेबांनी आपलं पान व्हरांड्यात मांडायला लावलं आणि गोग्रास धोंडोपंतांना सुरू केला. वरणभात, दहीपोळी, शिरा, पिकलेली पपई. मला बरंच वाटलं होतं, एक काम कमी झालं म्हणून.

होळीनंतर धोंडोपंतांचं पोट बिघडलं आणि पाठ दाबली की दबायला लागली. स्कूटरच्या पायाशी टब ठेवून मी त्यांना नेपियर टाउनला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जणू शिरा मीच भरवला, अशा थाटात त्या मला बोलल्या. हा गवत खाणारा जीव. भात, दही, पोळी, गोडधोड, फळं, सगळं बंद. पालकसुद्धा नको. दूर्वा, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं, काटे काढून निवडुंग, आणि कवच घट्ट व्हायला समुद्रफेन. गोडाची चटक लागली आहे, काही दिवस रुसेल, लाड करू नका.

घरी येऊन मी भय्यासाहेबांना सांगितलं की त्याला आता घास द्यायचा नाही.

"काहून? रोज खाऊन राहिला तो."

"म्हणूनच मरून राहिला," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. हातातला घास त्यांनी पानात ठेवला, हात धुतला आणि उठले.

त्या दिवसापासून घरात दोन उपास सुरू झाले. धोंडोपंत दूर्वांकडे पाठ करून बसायचे आणि भय्यासाहेब दोन घास चिवडून पान सरकवायचे. भूक लागली की खातील, असं योगेंद्र दोघांबद्दल एकाच दमात म्हणाला, टीव्हीवरची नजर न हलवता. बोलायला काय जातं.

मी मात्र पाल्यामागे लागले. बागेतल्या गवतावर औषध फवारलेलं, ते चालेना. शेजारणीची जास्वंद मी ओरबाडून संपवली. शेवटी दूर्वा बारीक चिरून त्यांना पपईचा हात लावला, रोज थोडा कमी, तेव्हा कुठे धोंडोपंतांनी मान बाहेर काढली. नुसत्या दूर्वा पहिल्यांदा खाल्ल्या, त्या दिवशी मी मुलाचा निकाल लागल्यासारखी धावत सांगायला गेले. भय्यासाहेब "अच्छा" म्हणाले आणि त्यांनी पान सरकवलं.

त्यांच्या घासाला पपई चोळता येत नव्हती. भरली वांगी केली, थालीपीठ केलं, योगेंद्रने खव्याची जिलबी आणली. काही नाही. डॉक्टरांनी भय्यासाहेबांना तपासलं. आजार काही नव्हता, वजन मात्र भराभर उतरत होतं. असंच चाललं तर पावसाळा निघणार नाही, असं त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. मी घाबरले. दूर्वांचीच जुडी भय्यासाहेबांच्या हातात दिली, म्हटलं, हा गोग्रास समजा. त्यांनी ती धोंडोपंतांना घातली आणि म्हणाले, गोग्रास आपल्या पानातला काढायचा असतो. मला वाटलं, हट्ट आहे. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात. इथे पहिलं वाढवून नुकतीच कुठे मोकळी होत होते.

रविवार उजाडला. पहाटेपासून निवडुंगाचे काटे काढून माझी बोटं ठणकत होती. कूलर गरम हवा फेकत होता. व्हरांड्यात भय्यासाहेबांचं पान वाढलं, धोंडोपंतांपुढे पाला टाकला आणि मला उठवेचना. तिथेच भिंतीला टेकून बसले. ओटा आवरायचा होता, धुणं होतं. होऊ दे म्हटलं.

"तू जेवली का?" भय्यासाहेबांनी विचारलं.

मी नंतर जेवेन म्हणाले. नंतर म्हणजे ओट्याशी उभ्या उभ्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आतापर्यंत कोणी विचारलंही नव्हतं.

त्यांनी वरणभात कालवला, लिंबाएवढा घास केला आणि हात पुढे केला. वासाने धोंडोपंतांनी मान लांबवली.

"भय्यासाहेब, नको. त्याला नको."

"त्याला नाही देऊन राहिलो," ते म्हणाले, आणि हात माझ्यापुढे धरला.

"मी काय गाय आहे?"

"गाय काहून असशील?" त्यांनी हात मागे घेतला नाही. "वसुधा गायीला घालून यायची न् माझ्यासमोर बसून जेवायची. आता समोर कोणी नाही. हा कासव तरी होता. मला एकट्याला नाही जेववत, लतिका."

मी घास घेतला. माझ्याच हातचा वरणभात, तूपही मीच वाढलेलं. पण दुसऱ्याच्या हातचा घास पोटात गेल्याला किती वर्षं झाली, ते आठवेना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भय्यासाहेब खाली बघून जेवायला लागले. वरण मागून घेतलं. पान पुसून घेतलं.

सोमवारी मी घाईत होते. पान वाढलं, पाला टाकला, पर्स खांद्याला अडकवली, स्कूटरची किल्ली हातात घेतली. भय्यासाहेबांनी हाक मारली नाही. पहिला घास काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले. शेजारी धोंडोपंत शेवगा चावत होते.

ऑफिसात उशीर होणार होता, साहेब बोलणार होते. मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर पाटावर बसले.