हिरोचा भांग

मित्रांनो, मी सलूनमधला एक जुना आरसा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. माझ्यासमोर आलात की तुम्ही पोट आत ओढता, वळलात की सोडून देता. जन्मभर हेच पाहिल्यावर दुसरं काय होणार?

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. कारागिरांनी मला घासलं, पाठीवर चंदेरी मुलामा चढवला, त्यावर रंग फासला. सुताराने जाड लाकडी चौकट ठोकली. मग सलूनवाल्याने मला गोधडीत गुंडाळून हातगाडीवरून आणलं आणि भिंतीवर टांगलं.

तो तेव्हा तरुण होता. हॉलिवूडच्या एका नटाने त्याला पुरतं वेड लावलं होतं. काळ्या-पांढऱ्या चित्रपटांचा तो जमाना. पडद्यावर काय बोलतात त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण हा पठ्ठ्या एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून यायचा आणि माझ्यासमोर उभा राहून एक भुवई वर चढवायचा. त्या नटाचा मासिकातून कापलेला फोटो त्याने माझ्या चौकटीच्या कोपऱ्यात खोचला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की याची नजर एकदा फोटोवर, एकदा माझ्यात दिसणाऱ्या डोक्यावर. दोन्हीकडचे भांग जुळले की कात्री खाली. स्वतःचा भांगही तसाच. लोक त्याला हिरो म्हणू लागले. "अगदी हुबेहूब!" म्हणायचे. त्यातले निम्मे फुकट दाढीसाठी म्हणायचे. तोंडं मी जवळून पाहिली आहेत.

नट वारल्याची बातमी आली तेव्हा हिरो शटर ओढून रडत बसला. बायको डबा घेऊन आली.

"तुमचा कोण लागत होता हो तो?"

"कुणी नाही."

"मग जेवा."

तो जेवला, पण रडतच.

पुढे माझ्या पाठीवरचा मुलामा उडू लागला. मुलगा धंद्यात आला आणि एक दिवस टेप घेऊन माझी लांबी-रुंदी मोजू लागला. मित्रांनो, शिंपी सोडून दुसरं कुणी तुमचं माप घेऊ लागलं तर सावध व्हा.

"बाबा, भिंतभर नवी काच बसवू. यात माणसाला कोड फुटल्यासारखं दिसतं."

"हा आरसा उतरवलास तर मलाही उतरवलंस समज. यानेच मला हिरो केलंय."

मुलाने टेप गुंडाळून खिशात ठेवली. त्या गुंडाळण्यावरही माझा विश्वास नव्हता.

मग गावातल्या थिएटरने त्या नटाचा जुना चित्रपट लावला. मॅनेजरने हिरोला खास बोलावलं, सगळ्यात मोठा चाहता म्हणून. हिरोने ठेवणीतला कोट चढवला, भांग पाडला आणि पोस्टरशेजारी ऐटीत उभा राहिला. मुलाने मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्या सकाळी दोघे तो फोटो माझ्यासमोरच बघत होते.

हिरोचा चेहरा उतरला. नटाचा भांग डावीकडे होता. हिरोचा उजवीकडे.

"तुझा मोबाइल उलटं दाखवतो."

"मग पोस्टरवरची अक्षरं सरळ कशी?"

"पोस्टरच उलटं छापलं असेल. आजकाल कुणाला काम येतं?"

"बाबा, अक्षरं सरळ आहेत म्हणतोय ना! तुम्ही आरशात बघून भांग जुळवत आलात."

आता नीट ऐका. फोटोतला माणूस तुमच्याकडे तोंड करून असतो, म्हणून त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. माझ्यात तुमची उजवी बाजू उजव्या हातालाच राहते. दोन्ही शेजारी धरून जुळवलं की डोकं उलटं निघणारच. मी कधी खोटं दाखवलं नाही. पण चुकलेल्या माणसाला कुणीतरी चोर लागतो.

"जन्मभर फसवलंस मला," हिरो मला म्हणाला आणि त्याने शटरचं लोखंडी कुलूप उचललं.

"बाबा, काच लागेल हाताला!" मुलाने मनगट धरलं. मी फुटलो तर त्याला नवी काच मिळणार होती. तरी त्याने धरलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात हिरोचा जुना दोस्त, निवृत्त बसड्रायव्हर, नेहमीसारखा येऊन खुर्चीत बसला. हिरो त्याच्या डोक्याकडे बघत राहिला. भांग उजवीकडे. सगळ्या गल्लीची डोकी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत. कुलूप हळूच खाली ठेवून त्याने विचारलं,

"भांग कुठल्या बाजूला पाडू?"

"का रे? आज विचारतोयस? तब्येत बरी आहे ना?"

"सांग तर खरं."

"हिरोसारखा पाड."

"कुठल्या हिरोसारखा?"

"अरे, तुझ्यासारखा! दुसरा कोण हिरो? तुझा तो इंग्रजी पिक्चर मी कधी पाहिलाच नाही. झोप येते मला."

हिरोने कंगवा ओला केला आणि ड्रायव्हरचा भांग पाडला. उजवीकडे. रेघ सरळ आली.

मित्रांनो, आरसा पुसताना घाणेरडं फडकं वापरू नका, पाठीमागे ओल जाऊ देऊ नका. आणि स्वतःची चूक दिसली की दाखवणाऱ्यावर हात उचलू नका. ऐकाल याची मला खात्री नाही. पण सांगून ठेवतो.