वास्त्याचं दुसरं पाणी

प्रफुल्लच्या तीन बाटल्यांसाठी ललितानं फ्रीजमधलं दूध बाहेर काढलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माझ्या बिअरला त्या फ्रीजमध्ये कधी कोथिंबिरीच्या जुडीशेजारीही जागा मिळालेली नाही.

प्रफुल्ल म्हणजे ऊर्जानगरच्या क्वार्टरमधला आमचा जुना शेजारी. रिटायर होऊन पोराकडे नाशिकला गेला आणि तिथं चार दिवसांचा वाइनचा कोर्स करून आला. कॅन्टीनमध्ये ताटात वांगं आहे की बटाटा हे ज्याला शेजाऱ्याला विचारावं लागे, तो आता चव शिकवायला चंद्रपूरला आमच्या घरी आला होता.

मी इथल्या वीजनिर्मितीच्या प्लांटच्या प्रयोगशाळेत कोळशाचे नमुने तपासायचो. आमच्याकडे शेरे दोनच: 'ठीक' आणि 'परत पाठवा'. ललिताच्या हातचं जेवण मी चौतीस वर्षं 'ठीक' म्हणून पास केलं. एकदाही परत पाठवलं नाही. याहून मोठं कौतुक असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

बेत होता गावरान कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकर आणि वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी. वास्ते ललिताच्या भावानं गडचिरोलीहून पाठवले होते. त्याला बदल्यात वाइन पाठवायची सोय नव्हती. वैनगंगेपलीकडे दारूबंदी आहे.

प्रफुल्लनं पांढरी ओतली.

"घाई नका करू, सुनिलभाऊ. आधी वास घ्या."

घेतला. द्राक्षांचा येत होता. मी तसं सांगितलं.

"बस? द्राक्षं?" ललिता हसली. मग प्रफुल्लकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमी सांगा."

भाऊजींनी डोळे मिटले, घोट घेतला, वास्त्यांचा घास घेतला. "वहिनी, काय हात आहे तुमचा! या भाजीचा शेवट पाहा. हलकासा कडसर. जिभेवर रेंगाळून राह्यला. नाशकात नाई भेटला मले असा!"

लाल बाटली अजून उघडायची होती, पण तिचा रंग ललिताच्या गालांवर आधीच आला होता.

गुलाबीच्या वेळी मीही नशीब आजमावलं. म्हणालो, "हिला ओल्या कोळशाचा वास आहे."

"वा, जाणकार बोलला!" प्रफुल्ल म्हणाला.

"त्यायले साऱ्यातूनच येते तो वास," ललिता म्हणाली. "भाऊजी, कोंबडीसंगं कोणती?"

कोंबडीसंगं लाल. तीही उघडली. रस्सा खाऊन झाला आणि गडी पुन्हा वास्त्यांवर आला. "पण वहिनी, तो कडसर शेवट..."

माझा संयम तिथं संपला.

"शेवट-बिवट काही नाई. कडूपणा जायाले वास्ते उकडून पाणी दोनदा फेका लागते. आज एकदाच फेकलं. दुसऱ्या पाण्याच्या टायमाले तुझा फोन आला, 'पोचून राह्यलो' म्हणून, अन् ही साडी बदलाले गेली."

प्रफुल्ल ग्लासाचा तळ बारकाईनं तपासू लागला. मला फार बरं वाटलं. अर्धा मिनिट.

ललितानं पळी खाली ठेवली. "तुमाले समजलं?"

"पयल्याच घासाले."

"अन् परवा डाळीत हिंग?"

"नव्हता."

"दिवाळीच्या करंज्या?"

"खोबरं खवट होतं."

"म्हंजे चव समजते तुमाले."

"समजणार नाई काऊन?" मी छाती काढून म्हणालो.

"मंग चौतीस वर्सं नुसतं 'ठीक' काऊन म्हनून राह्यले होते?"

प्रयोगशाळेची पद्धत समजावून सांगण्यासारखी ती वेळ नव्हती. प्रफुल्लनं तेवढ्यात माझ्या वाटची लाल स्वतःच्या ग्लासात ओतून घेतली.

आता मी रोज दोन्ही वेळा सविस्तर अहवाल देतो. मंगळवारी घाईत वांग्याच्या भाजीला 'ठीक' म्हणालो, तर ताट परत गेलं.

वास्ते मात्र ती एकच पाणी फेकून करते. विचारलं तर म्हणते, शेवट चांगला लागतो.